रॅकमधील सर्व्हर आणि त्यांची निगा : चेन्नईचा अनुभव

तलाठी कार्यालयातील दप्तराची जागा संगणकीकृत सात-बाराने घेतली, शिधावाटप दुकानातील वहीची जागा अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्राने घेतली आणि निवृत्तिवेतन थेट बँक खात्यात जमा होऊ लागले. या बदलाविषयी आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. परंतु या सर्व नोंदी प्रत्यक्षात कोठे वसतात, त्यांना आधार देणारी यंत्रे कशी उभी केली जातात आणि ती चालू ठेवण्याचा भार कोण वाहते, या प्रश्नांकडे क्वचितच लक्ष दिले जाते. ‘क्लाउड’ हा शब्द रूढ झाल्यापासून तर माहिती जणू हवेत तरंगते, असा समज दृढ झाला आहे. वस्तुतः ती सुमारे दोन मीटर उंचीच्या लोखंडी कपाटांत, म्हणजेच रॅकमध्ये, एकावर एक बसवलेल्या सर्व्हरमध्ये असते. या कपाटांना वीज लागते, थंडावा लागतो, सुटे भाग लागतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांच्याकडे रोज पाहणारी माणसे लागतात.

राष्ट्रीय ई-शासन योजनेला मे २००६ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्या तीन आधारस्तंभांपैकी एक असलेल्या राज्य डेटा केंद्र योजनेला केंद्र सरकारने २४ जानेवारी २००८ रोजी मान्यता दिली. पाच वर्षांसाठी १,६२३.२० कोटी रुपयांची तरतूद त्यात होती. राज्याराज्यांत केंद्रे उभी राहिली. पहिली पाच वर्षे सरली आणि मग खरा प्रश्न समोर आला : उभारलेले टिकवायचे कसे? रस्ते, कालवे आणि शाळांच्या इमारतींबाबत आपण जे अनुभवले, तेच येथेही घडू शकते. फरक इतकाच की रस्त्यावरचा खड्डा दिसतो, सर्व्हरमधील झीज मात्र तो बंद पडेपर्यंत दिसत नाही.

चेन्नईच का?

हा विषय समजून घेण्यासाठी चेन्नईचे उदाहरण निवडण्याची कारणे आहेत. तमिळनाडू औद्योगिक विकास महामंडळ आणि राज्याचे इलेक्ट्रॉनिक्स महामंडळ यांनी मिळून तरमणी येथे उभारलेले टायडेल पार्क २००० मध्ये सुरू झाले आणि शहराच्या दक्षिणेकडील रस्त्याला माहिती तंत्रज्ञानाचा मार्ग अशी ओळख मिळू लागली. त्यानंतर समुद्राखालून येणाऱ्या केबल आल्या. चेन्नई आणि सिंगापूर यांना जोडणारी सुमारे ३,२०० किलोमीटर लांबीची केबल २००२ मध्ये कार्यान्वित झाली. दुसरी २००४ मध्ये आली. आग्नेय आशियापासून पश्चिम युरोपपर्यंत जाणारी केबल २००५ मध्ये मुंबई आणि चेन्नई या दोन्ही किनाऱ्यांवर उतरली. जेथे केबल उतरते तेथे सर्व्हर येतात, हा या उद्योगाचा भूगोल आहे. अंबत्तूर आणि सिरुसेरी या परिसरांत आज मोठमोठी डेटा केंद्रे उभी आहेत. या क्षमतेत मुंबई-नवी मुंबईचा क्रमांक देशात पहिला असून चेन्नई प्रमुख केंद्रांत गणली जाते.

अंदमान आणि निकोबार बेटांची स्थिती याच संदर्भात पाहण्यासारखी आहे. ही बेटे दीर्घकाळ मुख्यतः उपग्रहावर अवलंबून होती. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम) व इतर बेटांपर्यंत सुमारे २,३०० किलोमीटरची केबल टाकण्यात आली आणि १० ऑगस्ट २०२० रोजी तिचे उद्घाटन झाले. चेन्नई सुरळीत असणे ही तेव्हापासून बेटांवरील शाळा, रुग्णालये आणि बँका यांचीही गरज बनली. रेल्वे आरक्षणाचे उदाहरण तर प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. देशभरची संगणकीय आरक्षण व्यवस्था दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच केंद्रांवर उभी राहिली व १९९९ मध्ये ही केंद्रे परस्परांना जोडली गेली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र सर्वांत लक्षणीय बाब वेगळीच आहे. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे मुख्य संगणक केंद्र मुंबईत असले, तरी आपत्तीच्या वेळी व्यवहार सुरू ठेवण्यासाठीचे त्याचे पर्यायी केंद्र चेन्नईत आहे. या निवडीमागील एक तर्क भारताच्या पावसाच्या नकाशावरच वाचता येतो. मुंबईला जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस झोडपतो, चेन्नईला प्रामुख्याने ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो एका समुद्राकडून आलेला आणि एका ऋतूतला. चेन्नईचा महापूर दुसऱ्या समुद्राच्या बाजूचा आणि दुसऱ्या ऋतूतला. दोन्ही शहरे एकाच आठवड्यात बुडण्याची शक्यता त्यामुळे अतिशय कमी होते. विमाशास्त्रात यालाच जोखमींचे परस्पर-स्वातंत्र्य म्हणतात. पुढील विवेचनात हा शब्द वारंवार येईल, कारण एका रॅकपासून संपूर्ण देशाच्या व्यवस्थेपर्यंत सारे काही त्यावरच अवलंबून आहे.

कपाटाची रचना

रॅकचे मापन जगभर एकसारखे आहे. पुढील पट्टीची रुंदी १९ इंच आणि उंचीचे एकक, ज्याला ‘यू’ म्हणतात, ते पावणेदोन इंच म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. हे माप टेलिफोन केंद्रांतील रिले बसवण्याच्या चौकटींपासून चालत आले आहे आणि शंभर वर्षांच्या आसपास टिकले आहे. सर्वसाधारण रॅक ४२ यू उंचीचा असतो. एक यू उंचीचे सर्व्हर घेतले तर तत्त्वतः ४२ बसतात, पण व्यवहारात तसे करता येत नाही. वीज आणि थंडावा यांची मर्यादा जागेच्या मर्यादेआधीच येते. या साध्या गोष्टीचा विचार न करता रॅकची संख्या ठरवली जाते आणि नंतर अर्धे रॅक रिकामे ठेवावे लागतात.

पूर्ण भरलेल्या रॅकचे वजन पाचशे किलोंपासून एक हजार किलोंपर्यंत जाऊ शकते. म्हणून फरशी, आणि फरशी उचललेली असेल तर तिच्याखालील आधार, हे वजन पेलू शकतात की नाही याची खात्री आधी करावी लागते. जुन्या सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर सर्व्हरची खोली थाटण्याचा मोह येथेच आवरला पाहिजे. जड यंत्रे, विशेषतः साठवणुकीची यंत्रे व बॅटऱ्या, तळाशी बसवतात आणि भरणा खालून वर करतात, अन्यथा रॅक पुढे कलंडण्याचा धोका राहतो. सर्व्हर सरकत्या पट्ट्यांवर बसवलेले असतात. दुरुस्तीसाठी एका वेळी एकच सर्व्हर बाहेर ओढावा, दोन ओढू नयेत. उचलताना दोन माणसे असावीत. या सूचना बालबोध वाटतील, पण अपघात बहुधा अशाच ठिकाणी होतात.

चेन्नईसारख्या दमट हवेच्या शहरात आणखी एक पथ्य आहे. मालमोटारीतून उतरवलेली यंत्रे थेट थंड खोलीत नेऊन लगेच चालू करू नयेत. खोकी आत आणून काही तास, शक्यतो रात्रभर, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावीत. यंत्र आणि खोली यांच्या तापमानांत मोठा फरक असताना भागांवर दव धरण्याचा संभव असतो, आणि पाण्याचा अदृश्य थरही सर्किटला पुरेसा घातक ठरतो.

नव्या यंत्रांची चाचणी हा पुढचा टप्पा. यंत्रे बिघडण्याचे प्रमाण आयुष्याच्या प्रारंभी आणि अखेरीस अधिक, मध्ये कमी असते. आलेखावर त्याचा आकार न्हाणीच्या टबासारखा दिसतो. म्हणून सेवेत रुजू करण्यापूर्वी काही दिवस पूर्ण भाराखाली सर्व्हर चालवतात, म्हणजे मुळातच कच्चे असलेले भाग हमीच्या काळात आणि नागरिकांना त्रास न होता निकामी होतात. उद्घाटनाची तारीख आधी ठरली की हीच पायरी सर्वप्रथम गाळली जाते, हे निरीक्षण नोंदवून ठेवावेसे वाटते.

तारांविषयी एकच सांगता येईल. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी हवी आणि त्या चिठ्ठीवरील क्रमांक नोंदवहीत हवा. मध्यरात्री सर्व्हर बंद पडतो तेव्हा त्याला बसवणारा अभियंता नोकरी बदलून गेलेला असतो. त्या वेळी नवख्या तंत्रज्ञाला आधार असतो तो केवळ या नोंदवहीचा.

उष्णता, खारी हवा आणि पाणी

सर्व्हर वापरतो ती जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. चारशे वॅटचा सर्व्हर म्हणजे चारशे वॅटची शेगडीच. रॅकमध्ये अशी पंधरा यंत्रे असली तर सहा किलोवॅटची शेगडी एका कपाटात अहोरात्र पेटलेली असते. सर्व्हर समोरून थंड हवा घेतात आणि मागून गरम हवा सोडतात. म्हणून रॅकच्या रांगा तोंडासमोर तोंड आणि पाठीला पाठ अशा लावतात. एक गल्ली थंड, पुढची गरम. या दोन हवा एकमेकींत मिसळू नयेत म्हणून रॅकमधील रिकाम्या जागांवर साध्या झाकणपट्ट्या बसवतात. काही शे रुपयांच्या या पट्ट्या न बसवल्यामुळे गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते आणि वातानुकूलन यंत्रावर नाहक भार पडतो. खोली अतिथंड ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य झालेल्या शिफारशीनुसार सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सियस असली तरी चालते. आत गेल्यावर स्वेटर लागावा, ही जुन्या काळातील ‘संगणक कक्षा’ची कल्पना आता खर्चिक अंधश्रद्धाच म्हटली पाहिजे.

चेन्नईच्या हवेत दमटपणासोबत मीठही असते. त्याखेरीज शहरातून वाहणारे सांडपाण्याचे प्रवाह आणि बकिंगहॅम कालवा यांच्या परिसरात गंधकयुक्त वायूंचा प्रश्न असतो. तांबे आणि चांदी या धातूंवर असे वायू हळूहळू थर चढवतात. २००६ पासून युरोपीय नियमांमुळे सर्किटमधील शिशाचा वापर घटला आणि त्याऐवजी आलेल्या काही प्रकारच्या चांदीच्या मुलाम्यावर गंधकाचा परिणाम अधिक होतो, असे दिसून आले. क्षाराचा थर सरकत सरकत शेजारच्या रेषेला टेकतो आणि यंत्र बंद पडते. बाहेरून पाहता कोणतेही कारण दिसत नाही. यावरील तपासणी अत्यंत स्वस्त आहे : तांब्याच्या आणि चांदीच्या छोट्या पट्ट्या महिनाभर खोलीत टांगून ठेवायच्या आणि त्यांवर चढलेल्या थराची जाडी मोजायची. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी थर असेल तर हवा निर्धोक समजतात. अधिक असेल तर हवा रासायनिक गाळणीतून घ्यावी लागते. कोकण किनारपट्टीवरील आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील केंद्रांनाही ही तपासणी तितकीच उपयुक्त आहे.

मोठ्या केंद्रांत थंडाव्यासाठी पाणी वापरतात, आणि येथे चेन्नईची दुसरी दुखरी नस आहे. जून २०१९ मध्ये शहराला पाणी पुरवणारे जलाशय जवळजवळ कोरडे पडले. जुलैमध्ये जोलारपेट्टईहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मिंजूर (२०१०) आणि नेम्मेली (२०१३) येथील समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या, प्रत्येकी दररोज दहा कोटी लिटर क्षमतेच्या प्रकल्पांनी काही आधार दिला. घराघरांत हंडे रिकामे असताना यंत्रांच्या थंडाव्यासाठी किती पाणी द्यावे, हा प्रश्न तांत्रिक नाही. पाण्याऐवजी हवेवर चालणारी शीतन यंत्रे निवडली तर पाणी वाचते, पण वीज अधिक लागते. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे हा मधला मार्ग आहे आणि नव्या केंद्रांना परवानगी देतानाच तो बंधनकारक करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दोन तारांचे एकच रोहित्र

चांगल्या सर्व्हरला वीज घेणारे दोन भाग असतात आणि ते दोन स्वतंत्र मार्गांना जोडायचे असतात. एक मार्ग बंद पडला तर दुसऱ्याने सारा भार उचलायचा असतो, म्हणून दोहोंपैकी कोणत्याही मार्गावर त्याच्या क्षमतेच्या निम्म्याहून अधिक भार असता कामा नये. जागा शिल्लक आहे म्हणून दोन्ही मार्ग सत्तर-सत्तर टक्के भरले, तर पहिला बंद पडताच दुसराही अतिभाराने तुटतो.

या दुपदरी रचनेचे गणित मोहक आहे. एक मार्ग वर्षातील एक टक्का काळ बंद राहत असेल, तर दोन स्वतंत्र मार्ग एकाच वेळी बंद असण्याची शक्यता शतांशाचा शतांश, म्हणजे दहा हजारांत एक. परंतु हे गणित ‘स्वतंत्र’ या एका शब्दावर उभे आहे. दोन्ही मार्ग एकाच रोहित्राकडे जात असतील तर दोन तारांचा खर्च करूनही सुरक्षितता एकाच तारेची राहते. हार्ड डिस्कबाबतही तसेच. वर्षाला साधारण एक ते दोन टक्के डिस्क निकामी होतात, म्हणजे हजार डिस्क असलेल्या केंद्रात महिन्याला एक-दोन बदलाव्या लागतील हे गृहीतच धरावे. एक गेली तरी माहिती शाबूत राहील अशा रीतीने त्या मांडलेल्या असतात. पण १६ टेराबाइटची नवी डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या गतीने भरायची तर २२ तास लागतात. सर्व डिस्क एकाच कारखान्याच्या एकाच तुकडीतल्या असतील, तर या २२ तासांत तिची दुसरी बहीणही जाण्याचा धोका वाढतो.

बॅटऱ्यांकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. यूपीएसमधील बंदिस्त शिसे-आम्ल बॅटऱ्यांना बाजारात ‘देखभालमुक्त’ म्हणतात. या शब्दाने बरेच नुकसान केले आहे. त्यांत पाणी घालावे लागत नाही इतकाच त्याचा अर्थ. २५ अंश तापमानात त्या साधारणतः तीन ते पाच वर्षे चालतात आणि तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. वातानुकूलन नसलेल्या खोलीत चेन्नईच्या मे महिन्यात त्यांचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल. डिझेल जनित्राचेही तसेच आहे. दर आठवड्याला ते पाच मिनिटे रिकामे चालवून नोंदवहीत सही करणे म्हणजे चाचणी नव्हे. खऱ्या भाराखाली, पुरेसा वेळ ते चालवले पाहिजे.

डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईची परीक्षा झाली. नोव्हेंबरमध्येच शहरात एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. २ डिसेंबरच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत तांबरम येथे ४९० मिलिमीटर पावसाची नोंद झाली. चेंबरंबक्कम जलाशयातून पाणी सोडावे लागले, अड्यार नदीचे पात्र फुगले, विमानतळ काही दिवस बंद राहिला. सुरक्षिततेसाठी मोठ्या भागातील वीज बंद करण्यात आली. ‘द हिंदू’ या दैनिकाचा २ डिसेंबरचा चेन्नईतील अंक निघू शकला नाही. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या या वृत्तपत्राच्या इतिहासात असे प्रथमच घडले, आणि त्याचे कारण छपाई यंत्र बिघडणे हे नव्हते. शहराबाहेरील छापखान्यापर्यंत कर्मचारी पोहोचू शकले नाहीत.

या एका घटनेत आपल्या विषयाचे सार आहे. वीजपुरवठा, जनित्राचे डिझेल, डिझेल आणणारा टँकर, टँकरचा रस्ता, दूरसंचाराची तार आणि पाळी बदलायला येणारा तंत्रज्ञ या कागदावर सहा वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पूर येतो तेव्हा त्या एकच होतात. जनित्र तळमजल्यावर आणि डिझेलची टाकी तळघरात असेल, तर वरच्या मजल्यावरील कोट्यवधींची यंत्रे निरुपयोगी ठरतात. १२ डिसेंबर २०१६ च्या वरदा चक्रीवादळाने विजेचे खांब आणि झाडे पाडली, डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळाच्या पावसाने शहर पुन्हा जलमय झाले. आठ वर्षांत तीन आघात झाले असताना त्यांना अपवाद म्हणता येणार नाही. ते खर्चाच्या हिशेबात धरले पाहिजेत.

यंत्रणा पर्यायी असणे आणि वेळेवर पर्यायाकडे वळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा धडा मात्र मुंबईत मिळाला. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले आणि दुपारी पावणेचारला ते पुन्हा सुरू झाले. बाजाराने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, दोन दूरसंचार कंपन्यांच्या अनेक जोडण्या असूनही रस्त्यावरील खोदकाम व बांधकाम यांमुळे त्या अस्थिर झाल्या, त्यातून साठवण प्रणालीचे वर्तन अनपेक्षित झाले आणि जोखीम व्यवस्थापनाची प्रणाली अनुपलब्ध झाली. चेन्नईचे केंद्र उपलब्ध असताना त्या दिवशी व्यवहार तेथे हलवले गेले नाहीत. पुढच्याच महिन्यात ‘सेबी’ने नियम कडक केले : महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यास ३० मिनिटांत ‘आपत्ती’ घोषित करायची आणि घोषणेपासून ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करायचे. या नियमाने निर्णय लांबवण्याची मुभाच काढून घेतली, आणि तेच त्याचे मोल आहे.

खरेदीचा आकडा आणि निगेचा आकडा

आता हिशेबाकडे वळू. उदाहरणादाखल एक सर्व्हर चार लाख रुपयांना घेतला आणि तो सतत ४०० वॅट वीज वापरतो असे धरू. वर्षाला सुमारे ३,५०० युनिट झाले. संपूर्ण केंद्राची वीज आणि त्यातील संगणकांची वीज यांचे गुणोत्तर १.६ धरले, तर थंडावा व इतर व्यय मिळून ५,६०० युनिट होतात. अलीकडील जागतिक सर्वेक्षणांत हे सरासरी गुणोत्तर १.५ ते १.६ च्या दरम्यान आढळते. युनिटला आठ रुपये या दराने वर्षाला ४४,८०० रुपये, पाच वर्षांत २ लाख २४ हजार. तीन वर्षांची हमी संपल्यावर दोन वर्षांचा देखभाल करार किमतीच्या आठ टक्के दराने धरला तर आणखी ६४ हजार. म्हणजे बॅटऱ्या, सॉफ्टवेअरचे परवाने आणि मनुष्यबळ यांचा विचार न करताही चार लाखांच्या यंत्रामागे २ लाख ८८ हजार रुपये, किमतीच्या ७२ टक्के, निगेसाठी लागतात. गुणोत्तर १.६ ऐवजी २ असेल तर प्रत्येक सर्व्हरमागे वर्षाला सुमारे ११,२०० रुपये अधिक. पंधरा सर्व्हरच्या रॅकमागे हा आकडा १ लाख ६८ हजारांवर जातो. काही शे रुपयांच्या झाकणपट्ट्यांचे महत्त्व येथे कळते, जरी संपूर्ण फरक एकट्या पट्ट्यांनी भरून निघत नसला तरी.

आपल्या अर्थसंकल्पाच्या रचनेत यांपैकी पहिला आकडा ठळक आणि दुसरा अंधुक राहत आला आहे. योजनांतर्गत निधीतून बांधायचे आणि योजना संपली की निगेचा भार योजनेतर खर्चावर टाकायचा, ही पद्धत दशकानुदशके चालली. राज्य डेटा केंद्रांची पाच वर्षांची मदत याच चौकटीतली होती. २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून योजनांतर्गत आणि योजनेतर हा भेद संपुष्टात आला, हे योग्यच झाले. परंतु भांडवली आणि महसुली खर्चाचा भेद कायम आहे, आणि वित्तीय शिस्तीच्या वातावरणात कात्री आधी महसुली खर्चावर चालते. नवा सर्व्हर घेणे ‘गुंतवणूक’ ठरते आणि जुन्याच्या बॅटऱ्या बदलणे ‘आवर्ती खर्च’. परिणामी तीन हजारांचा पंखा वेळेवर न बदलल्यामुळे तीन लाखांचे यंत्र तापून जाते, आणि ते नव्याने घेण्यासाठी मात्र पैसा उपलब्ध होतो!

लघुतम निविदेची पद्धतही यात भर घालते. देखभाल कराराचा सर्वांत कमी दर देणारा पुरवठादार सुटे भाग शहरात साठवून ठेवतो, की मागणीनंतर दुसऱ्या राज्यातून मागवतो, हे दरपत्रकावर दिसत नाही. वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढलेल्या सूचनांनी, ठरावीक अटींवर, सल्लागारेतर सेवांच्या खरेदीतही गुणवत्तेला तीस टक्क्यांपर्यंत भारांश देण्याची मुभा दिली. देखभाल करारांसाठी या तरतुदीचा उपयोग अधिक धीटपणे करायला हरकत नाही. निविदेत ‘चार तासांत दुरुस्ती’ असे लिहिणे सोपे असते. ‘चार तासांत दुरुस्तीसाठी लागणारे भाग याच शहरात, यादीसह’ असे लिहिले की दर वाढतात आणि तोच खरा दर असतो.

मनुष्यबळाचा प्रश्न थोडक्यात मांडतो. रॅकपुढे उभा राहून काम करणारा तंत्रज्ञ बहुधा पदविकाधारक असतो, कंत्राटावर असतो आणि वर्ष-दोन वर्षांत अन्यत्र जातो. तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीज, शीतन आणि संगणक हे तीन वेगळे अभ्यासक्रम आहेत. डेटा केंद्राला मात्र तिन्हींची सांगड घालणारा माणूस लागतो. चेन्नई आणि नवी मुंबई या दोन्ही ठिकाणी अशा अभ्यासक्रमाला रोजगाराची वाण नाही.

प्रत आणि पुनःप्राप्ती

यंत्रे कितीही जपली तरी एखाद्या दिवशी सारे जळून जाऊ शकते, हे गृहीत धरून माहितीची प्रत अन्यत्र ठेवावी लागते. दक्षिण कोरियाच्या दाएजोन शहरातील सरकारी डेटा केंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याच्या कामादरम्यान आग लागली. सहाशेहून अधिक शासकीय प्रणाली बंद पडल्या. त्यांपैकी एका साठवण प्रणालीत सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामकाजाची ८५८ टेराबाइट माहिती होती आणि तिची बाहेर कोठेही प्रत नव्हती. डिजिटल शासनात जगात अग्रेसर समजल्या जाणाऱ्या देशात हे घडले. हमीची दहा वर्षे उलटून गेलेल्या बॅटऱ्या तेथे अद्याप वापरात होत्या, ही बाब आपल्याकडील प्रत्येक केंद्राने आपल्या बॅटऱ्यांवरील तारीख वाचताना आठवावी.

प्रत असणे पुरेसे नसते, ती वाचता आली पाहिजे. रोज रात्री प्रत निघते असा अहवाल येतो, पण त्या प्रतीवरून प्रणाली पुन्हा उभी करून पाहिलेली नसते. ही तालीम नावडती असते, कारण तीत अपयश आले तर जाब द्यावा लागतो. शेअर बाजाराने मात्र ती चारचौघांत केली. शनिवार, २ मार्च २०२४ रोजी खास सत्र ठेवून सकाळी सव्वानऊ ते दहा या वेळात व्यवहार मुख्य केंद्रातून आणि साडेअकरा ते साडेबारा या वेळात पर्यायी केंद्रातून चालवण्यात आले. सौदे खरे होते आणि पैसाही खरा होता. १८ मे २०२४ रोजी याची पुनरावृत्ती झाली. राज्यांच्या कोषागारांना, भूमी अभिलेखांना आणि शिधावाटप प्रणालींना असा एक शनिवार वर्षातून दोनदा निश्चित करता येईल : एक नैर्ऋत्य मोसमी पावसापूर्वी मे महिन्यात, आणि पर्यायी केंद्र पूर्व किनाऱ्यावर असेल तर दुसरा सप्टेंबरअखेर, ईशान्येचा पाऊस चेन्नईला पोहोचण्यापूर्वी.